काशिनाथच्या जीपमधले दोन स्पीकर

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी मोबाइलच्या चार्जरवरून हुज्जत घालत होतो. फोन त्याच्या मेहुण्याचा होता. "काशीभाऊ गेला... सकाळी जीप पुसता पुसता खाली बसला, तो उठलाच नाय." मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला मुकाट्याने नवा चार्जर काढून दिला. चूक त्याचीच होती, पण आपण कशावरून भांडत होतो तेच मला आठवेना. आता या गोष्टीला महिना उलटून गेला.

आमची दोस्ती आयटीआयच्या बाकावरची. मी सापगावचा, तो धसईच्या पलीकडचा. तो फिटर झाला, पण कारखान्यात त्याचं मन रमलं नाही. गावी परतून भातशेती सांभाळत तो धसई-मुरबाड जीप चालवू लागला, आणि मी शहापुरात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. नव्वदचं दशक सरता सरता त्याने स्वतःची, अर्थातच जुनी, जीप घेतली आणि थेट माझ्याकडे आणून उभी केली. "टेप बसवायचाय," म्हणाला. मला वाटलं, दुपारपर्यंतचं काम. ते चार महिने चाललं.

त्या वेळी प्रत्येक जीपवाल्याला बूफर हवा असायचा. गाडी येण्याआधी धमधम ऐकू आली पाहिजे, सीटवर बसलेल्या माणसाच्या पोटात कळ आली पाहिजे, तर ती सिस्टिम. काशिनाथने खिशातून एक कॅसेट काढली आणि म्हणाला, "मला धमधम नको. हिच्यात आय हाये. ती नीट ऐकू आली पायजे."

कॅसेट मी ओळखली. त्याच्या बहिणीच्या, सगुणाच्या लग्नात मीच ती माझ्या टेपवर भरली होती. त्याची आई, ठकूमावशी, धवलारीण. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं म्हणायचा तिचा मान. पंचक्रोशीत तिच्या आवाजाशिवाय अक्षता पडत नसत. पण मग मांडवामांडवांत लाउडस्पीकर आले, सिनेमाची गाणी आली, आणि दोन लगीनसराया मावशीला कुणी बोलावलंच नव्हतं.  गावात कुणाचं लग्न असलं की ती नुसतीच नवं लुगडं नेसून ओटीवर बसून राही, आणि संध्याकाळी ते घडी घालून ठेवी. काशिनाथला ते बघवत नव्हतं.

मग आम्ही कल्याणची दुकानं पालथी घातली. दुकानदार मोठ्या हौसेने स्पीकर लावायचा, काच थरथरेल असं गाणं वाजवायचा. काशिनाथ शांतपणे आपली कॅसेट पुढे करायचा. मग त्या झगमगीत दुकानात म्हातारीचा आवाज, मध्येच तिचा खोकला आणि मागे एक कोंबडी. एक दुकानदार बराच वेळ ऐकून म्हणाला, "भाऊ, यात बेस कुठाय?"

"बेस नाय," काशिनाथ म्हणाला. "आय हाये."

त्याची परीक्षा कडक होती. एका स्पीकरवर आई सर्दी झाल्यासारखी वाटली, तो बाद. एकावर कोंबडी आईपेक्षा पुढे आली, तोही बाद. मी त्याला ॲम्प्लिफायर, वॅट, बॅटरीवरचा भार समजावून सांगायचो, तो मान डोलवायचा आणि विचारायचा, "ते समदं बरोबर, पन आयनं दम घेतलेला ऐकू येतो का?" अखेर दोन लहानसे स्पीकर त्याच्या कानाला पटले. दुकानदाराने ते इतक्या घाईने बांधून दिले, की आमचं मन बदलायला सवडच राहू नये.

बसवल्यावर कळलं, की डिझेल इंजिनाच्या आवाजात त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही. काशिनाथने उपाय काढला. गाणं रंगात आलं की तो जीप रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिनच बंद करायचा. "काशीभाऊ, टाइम होतोय," मागची माणसं कुरकुरायची. "एवढं कडवं होऊ द्या," तो म्हणायचा. धसईच्या लोकांनी मुरबाडला वेळेवर पोचायचं असेल तर एसटी, आणि नाहीतर ठकूमावशी, असा हिशेब करून ठेवला.

तरी मांडवात तिला बोलावणं येईना. मग धसईच्या एका लग्नाला काशिनाथच्या जीपने वऱ्हाड नेलं. मावशी नुसती पाहुणी म्हणून पुढच्या सीटवर होती, मीही होतो. ऐन दुपारी नवरी बाहेर यायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. लाउडस्पीकर गप्प झाला. मांडवात अशी शांतता पसरली, की भटजींना स्वतःच्याच आवाजाचा संकोच वाटू लागला. काशिनाथने जीप मागे घेत मांडवाला लावली, इंजिन बंद केलं आणि टेप सुरू केला. आवाज काय स्वच्छ आला... बायका उठून जीपभोवती जमल्या. आणि ऐन रंगात टेपमधली मावशी नवरीचं नाव घेऊन गेली, "सगुणा". या नवरीचं नाव मनीषा. नवऱ्याकडच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या.

ठकूमावशीने हात लांब करून टेप बंद केला. "लग्नात नाव चुकतंय, आनि तू दात काढतो," ती लेकाला म्हणाली, जीपमधून उतरली, सरळ मांडवात शिरली आणि मनीषाच्या नावाने पहिल्यापासून सुरुवात केली. लाइट मध्येच आली, पण लाउडस्पीकर लावायचा धीर कुणाला झाला नाही. काशिनाथ बोनेटला टेकून ऐकत होता. "चार महिने फिरलो रे आपण," तो मला म्हणाला, "आनि तिनं एका बोटानं बंद केला." एवढा खूश मी त्याला कधीच पाहिला नव्हता. त्या लगीनसराईत मावशीला अकरा बोलावणी आली.

परवा काशिनाथच्या बायकोने, सुशीलावहिनींनी, मला बोलावून घेतलं. जीपचा टेप वाजत नाही म्हणाल्या. उघडून पाहिलं तर बिघाड काहीच नव्हता. दोन्ही स्पीकरच्या वायरी काढून, टोकांना चिकटपट्टी गुंडाळून नीट बांधून ठेवल्या होत्या. "त्यांनीच काढल्या असतील, टेप ऐकून किती वर्सं झाली," वहिनी म्हणाल्या. "सासूबाय गाडीत बसल्या का सोताच गायच्या. मंग टेप कशाला, म्हनायचे."

ठकूमावशी पुढच्या सीटवर येऊन बसली होती. "जोड," ती म्हणाली. "आता माझा आवाज नाय फुटत."

मी वायरी सोलून जोडल्या. कॅसेट बरीच झिजली आहे, तरी आवाज येतो. मावशी पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. दुसऱ्या कडव्याला तिने पदर खाली केला, आणि टेपच्या मागोमाग, अगदी हलक्या आवाजात, म्हणू लागली.