आमालाच शिकवायला येऊ नको

"शिक, पण शिकून आमालाच शिकवायला येऊ नको," असं म्हणत आबांनी माझी ट्रंक वसमतच्या गाडीत चढवली. आबा म्हणजे माझे वडील. परभणीच्या कृषी महाविद्यालयात माझा नंबर लागल्याचे पेढे शिरड शहापुरात त्यांनीच वाटले होते, आणि आता स्टँडवर चेहरा असा, की जणू मी न विचारता त्यांच्या वावरात नांगर घातलाय. माय खिडकीखालून ओरडत होती, "शेती शिकायला परभणीला चालली बाई! हितं काय शेती कमी होती काय गं?" ती हसतही होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. गाडी हलली तेव्हा मला रडू यायला हवं होतं, पण खरं सांगते, मी आनंदानं वेडी झाले होते.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या ट्रंका घेऊन निघालेल्या माझ्या माणसांनो, मी शेती करायला शिकत नव्हते, ती येतच होती. मला शेतीची मास्तरीण व्हायचं होतं. लहानपणी मारुतीच्या पारावर शहरातून एक साहेब यायचे. तासभर बोलायचे. सगळे माना डोलवायचे, चहा प्यायचे आणि घरी जाऊन मागल्या साली केलं तेच करायचे. आबा घरी आले की म्हणायचे, "लई हुशार माणूस हाय. काईच समजलं न्हाई." तेव्हाच मी मनात ठरवलं, की आबांना समजेल असं बोलणारं कुणीतरी पाहिजे, आणि ते मीच व्हायचं.

होस्टेलवर माझं स्वागत मात्र वेगळंच झालं. मायनं ट्रंकेत घरच्या हळदीची पुडी घातली होती. वसमतला गाडी बदलेपर्यंत ती सुटली. चार ड्रेस, दोन चादरी, नवा टॉवेल, सगळं पिवळंधमक! रूममेटनं मला पाहून पहिलंच वाक्य टाकलं, "काय गं, मांडवातून पळून आलीस का?" वर्षभर माझं नाव हळदीबाई होतं. मला राग यायचा नाही. धुतले तरी त्या ड्रेसना घरचा वास यायचा.

शेवटच्या वर्षी आम्हाला खेड्यात राहून शेतकऱ्यांना प्रात्यक्षिकं दाखवायची असतात. माझ्या वाट्याला डोंगरकड्याजवळचं एक गाव आलं. विषय घेतला हळदीच्या बेण्याचा. लावणीपूर्वी बेणं आधी बुरशी मारायच्या औषधात बुडवायचं, सावलीत सुकवायचं, आणि मग दुसऱ्या बॅरलात मित्रबुरशीच्या पाण्यात. ही बुरशी पिकाच्या बाजूची, मुळाशी राहून कंद सडू देत नाही. मी आरशापुढं उभी राहून पाठ केलं होतं. मार्क द्यायला आमचे सर वही घेऊन उभे. समोर तीसेक माणसं. आणि सगळ्यात मागं, मोटारसायकलला टेकून, आबा!

"केळीचं बेणं बघायला आलतो हिकडं," ते म्हणाले. आमच्या सात पिढ्यांत कुणी केळी लावली नव्हती.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी बोलत होते बरोबर, पण माझे हात आपल्या चालीनं चालले होते. घरी मी काय बघत आले होते? लावणीच्या दिवशी बायका वावरात खोळंबलेल्या, आणि आबा एकाच बॅरलात सगळं ओतून काठीनं ढवळतायत, "पोटात जाऊन एकच होतंय" म्हणत. मीही तेच केलं. औषध ओतलं, लगेच मित्रबुरशीचा पुडा फोडला, ओतला आणि ढवळलं. आणि वर ऐटीत विचारलं, "कुणाला काही शंका?"

ज्यांच्या वावरात आम्ही उभे होतो त्या कौसामावशी पुढं आल्या. "शंका न्हाई बाई. पर हे पहिलं औषिद बुरशी मारतंय म्हणलीस. आन ह्यो पुडा बुरशीचाच म्हणलीस. मंग एकाच बॅरलात काहून घातलीस? मरंल ना ती!"

सगळं वावर हसलं. सर वहीत काहीतरी लिहायला लागले. मला वाटलं, संपलं. बापासमोर नाक कापलं गेलं, आता कसली मास्तरीण! काहीतरी भारी शब्द वापरून वेळ मारून नेता आली असती, पण पारावरचे ते साहेब आठवले. मी म्हटलं, "मावशी, तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं. हे सांडून देऊ, पहिल्यापासून करू." बॅरल बांधावर उपडं केलं. दुसऱ्यांदा कौसामावशी पदर खोचून माझ्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि या खेपेला माणसं प्रश्न विचारत होती, एकमेकांना समजावत होती. चहा गार झाला तरी कुणी हलेना.

निघताना आबांनी मोटारसायकलला किक मारली, बंद केली, परत मारली. "आपून बी दर साली एकाच बॅरलात घालत आलो," ते दुसरीकडं बघत म्हणाले. मग म्हणाले, "त्या पारावरच्या सायबाला आमी इतकी वर्षं ऐकलं. त्यो कदी चुकलाच न्हाई, आन आमी कदी काई इचारलंच न्हाई." आणि गेले. मार्क किती पडले ते मला आज आठवतही नाही.

आता मी राहुरीला आहे. शेतकऱ्याला कसं शिकवावं, याचंच पदव्युत्तर शिक्षण घेतेय. असाइनमेंट, सेमिनार, मेसची पातळ डाळ. "मी येतेय"च्या जागी गावच्या बोलीत "मी येऊन राहिले" म्हटलं की मैत्रिणी खो खो हसतात, म्हणून मी मुद्दाम दोनदा म्हणते. मायची आठवण येते, खूप येते. पण आधी घर म्हणजे मला ते पारावरचं माना डोलावणं वाटायचं, ज्यातून मला निघायचं होतं. आता घर म्हटलं की "काहून?" असं तोंडावर विचारणारी माणसं आठवतात, आणि त्यांच्यापुढं परत उभं राहायची घाई होते.

परवा लावणीच्या दिवसांत सकाळीच आबांचा फोन आला. माझा सेमिनार होता, तरी उचलला.

"दोन बॅरलं मांडलीत," ते म्हणाले. "पैल्यातून काढलेलं बेणं सावलीत किती टायम ठिवायचं?"

मला हसू आवरेना. "आबा, तुमालाच शिकवू?"

"लई शानपना करू नको," आबा म्हणाले. "फोनचा आवाज मोठा केलाय. हळू सांग जरा, समदे ऐकून राहिले."