सुनेचे चार दिवस

कावळा शिवला की मला सुटी लागायची. हे सांगितलं की माझ्या नाती हसत सुटतात, पण सन पन्नासच्या पुढेमागे कोल्हापुरात आमच्या घरी असंच होतं. कावळा शिवला म्हणजे पाळी आली. मग बाईनं चुलीकडं फिरकायचं नाही, कशाला शिवायचं नाही. परसदारच्या खोलीत घोंगडीवर बसायचं, ताट वेगळं, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन पुन्हा घरात. बाकीच्या बायका या दिवसांना कंटाळायच्या. मी त्यांची वाट बघायची.

कारण एरवी मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. घरच्या सगळ्यांच्या भाकऱ्या थापून मी कॉलेजात इंग्रजी शिकवायला पळायची. वर्गात खडू हातात घेतला तरी बोटांना लसणाचा वास. उशीर झाला की कॉलेजात म्हणायचे, "बाईंचं घर सुटत नाही." घरी परतले की सासूबाई म्हणायच्या, "आली मास्तरीण." दोन्हीकडे चोर मीच. माझी नेमणूक तात्पुरती होती. येत्या एप्रिलात पुण्याला जाऊन परीक्षा देऊन एम.ए. झालात तर जागा तुमची, नाहीतर दुसरा माणूस बघू, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं. अभ्यासाला वेळ कुठला? तर हे कावळ्याचे दिवस.

त्या खोलीत पुस्तकं न्यावीत की नाही, यावर सुरुवातीला चर्चा झाली. सासूबाई गडहिंग्लजकडच्या, बोलायला रोखठोक. "पोथीला हात लावू नगंस," त्या म्हणाल्या, "पर इंग्रजीला कसला आलाय इटाळ? बस की वाचत." विटाळ पगारालाही नव्हता, त्यामुळं मागच्या दारानं कॉलेजला जायला मुभा होती. परत आले की भिंतीपलीकडं म्हैस रवंथ करायची आणि अलीकडं मी. तेवढे दिवस मला कुणी हाक मारत नसे. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ही म्हण माझ्या बाबतीत अक्षरशः खरी होती.

फक्त एक जीव त्या दिवसांवर रुसलेला असायचा. माझी चार वर्षांची लेक. बाहुली घेऊन उंबऱ्यापाशी यायची आणि तिथंच थांबायची. "आई, कावळा कधी जाणार गं?" मला तिला जवळ घ्यावंसं वाटायचं आणि तिनं जावं असंही वाटायचं. मग माझा मलाच राग यायचा.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि कावळा आलाच नाही. ओळखलं आधी सासूबाईंनी. माझ्या तळहातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "आता कसलं बाजूला बसणं? आणि ते वाचणं पुरं झालं. पोटात लेकरू हाय, डोळं शिणवू नगंस." नवरा म्हणाला, "परीक्षा काय, पुढच्या वर्षी देता येईल." तो वाईट नव्हता. वाईट असता तर मी भांडले तरी असते. आपल्याकडे याला दिवस गेले म्हणतात. माझे खरोखरच गेले. मला रडू फुटलं, आणि सासूबाईंना वाटलं, आनंदानं रडतेय. एप्रिलात मी पुण्याला गेले नाही. जूनमध्ये माझ्या वर्गावर दुसरा माणूस उभा राहिला.

पण मला आठवते ती साखरेच्या दिवसाची संध्याकाळ. सवयीनं मी पुस्तक घेऊन परसदारच्या खोलीत जाऊन बसले होते. लेक आली आणि सवयीनंच उंबऱ्यापाशी थांबली.

"आई, आजी म्हणते, आता कावळा येणार न्हाई. खरं?"

"खरं."

तिनं एक पाय आत टाकून बघितला. मी अडवलं नाही, तशी धावत आली आणि मांडीवर बसली, उघड्या पुस्तकासकट. माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "मग आता तू रोज घरातच!"