मी हंगामी नव्हतो

आमच्या गावच्या दूध सोसायटीचा मी उपाध्यक्ष होतो. गाव निपाणीजवळचं. उपाध्यक्ष म्हणजे ज्यानं तोंड उघडू नये असा माणूस. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा हा गप्प बसंल असं बाकीच्या संचालकांना वाटलं असणार. पण निवडून आल्यावर महिन्याभरातच अध्यक्ष हार्ट अटॅकनं गेले.

संचालकांनी त्यांची खुर्ची तशीच ठेवली. तिच्यावर त्यांचा हार घातलेला फोटो उभा केला आणि मला शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची दिली. अध्यक्षांचा मुलगा बेंगळुरूला नोकरीला होता. तो येईपर्यंत सह्या तुम्ही करा, म्हणाले. कागदावर माझ्या नावापुढं 'हंगामी अध्यक्ष' आलं. नियमात अध्यक्षाचं काम उपाध्यक्षाकडं जातं एवढंच लिहिलेलं. पद जातं की नुसतं काम, ते कुणी लिहिलंच नव्हतं.

आमचे जावई बेळगावात कॉलेजात इतिहास शिकवतात. चहा पिताना त्यांना हे सांगितलं तर हसायला लागले.

"मामा, तुमच्यासारखाच एक अमेरिकेत होऊन गेला," म्हणाले. "पावणेदोनशे वर्षं झाली."

तिथला अध्यक्षही शपथ घेतल्यावर महिन्यातच मेला होता. तिथल्या घटनेतही हाच घोळ होता. उपाध्यक्षानं नुसतं काम बघावं, असं मोठमोठ्यांचं म्हणणं पडलं. त्यानं शपथ घेतली आणि मी पुरा अध्यक्ष आहे म्हणून सांगितलं. पाकिटावर 'हंगामी' लिहून आलेली पत्रं तो न फोडता परत पाठवायचा.

जावयांनी गंमत म्हणून सांगितलं. मी गंमत म्हणून ऐकलं नाही.

पुढच्या मीटिंगला मी लवकर गेलो. अध्यक्षांचा फोटो दोन्ही हातांनी उचलला, पाया पडलो, भिंतीवर लावला आणि त्या खुर्चीत बसलो. संचालक आले ते दारातच थांबले. एकजण म्हणाला, "अण्णा, ती जागा तुमची न्हाय." मी म्हणालो, "मग कुणाची? मेलेल्याची?" सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. गावातल्या हायस्कुलाच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका माझ्या नावापुढं 'हंगामी' लिहून आली, ती मी शिपायाच्या हातात तशीच परत दिली.

महिन्याभरात सगळ्या संचालकांनी राजीनामे दिले. एक राहिला, त्यालाही राजीनामा द्यायचा होता, पण त्याची म्हैस व्यायला आली होती. जावयांना सांगितलं तर त्यांनी पुढचं सांगितलं. त्या माणसाचं मंत्रिमंडळही असंच गेलं होतं, एक मंत्री सोडून. पक्षानंही त्याला हाकलला होता.

राहिलेली मुदत मी त्याच खुर्चीत काढली. एक दिवसही दूध नासलं नाही. तरी निवडणुकीत माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही करायला गावात माणूस मिळाला नाही. अध्यक्षांचा मुलगा बिनविरोध आला.

आता सोसायटीची नवी इमारत झाली. आजवरच्या सगळ्या अध्यक्षांचे फोटो भिंतीला लावलेत म्हणून उद्घाटनाला मलाही बोलावलं. माझा फोटो होता, सगळ्यांच्या खाली, दाराआड. त्याच्याखाली 'हंगामी' लिहिलेलं. स्टूल ओढून घेतलं, फोटो काढला, काखेत मारला आणि जेवणाला न थांबता घरी आलो. नवा अध्यक्ष मागनं म्हणत होता, "काका, एका शब्दानं काय हुतंय?" काही होत नसेल, तर त्यानं तो आपल्या बापाच्या फोटोखाली लिहावा.

घरी बायको खिळा ठोकू देईना. "जित्या माणसाचा फोटो भिंतीला लावत्यात व्हय?" म्हणाली. फोटो आता कपाटामागं उभा आहे.

परवा जावयांना विचारलं, त्या माणसाचा फोटो तिथं लावलाय का? लावलाय, म्हणाले. दहावा अध्यक्ष म्हणून मोजतात, खाली दुसरा शब्द नाही. मग म्हणाले, "पण मामा, म्हातारपणी तो देशातनं फुटून निघालेल्या राज्यांच्या बाजूला गेला. मेला तेव्हा सरकारनं दुखवटा पाळला न्हाय."

मी कुठं फुटून गेलो नाही. तरी माझंही तसंच होणार, हे मला कळतंय. सोसायटी चौकात श्रद्धांजलीचा फलक तेवढा लावंल, कारण न लावला तर गाव नावं ठेवील. पोराला सांगून ठेवलंय, आधी फलक वाचून यायचं. त्यावर तो शब्द असला तर पहिला फलक उतरवायचा. मग मला उचलायचं.