मूळ आडनाव

चाळीसगावाहून कन्नडला जाताना घाट लागतो, त्याच्या पायथ्याशी एक पंक्चरवाले नाना बसतात. चाक खोलण्याआधी ते आडनाव विचारतात. मी ‘पाटील’ म्हणालो, तर पाना खाली ठेवून म्हणाले, “पाटील हाई पद शे. मूळ आडनाव सांगा.”

त्यांच्या मते बठ्ठा, म्हणजे अख्खा खानदेश हा घाट उतरूनच आला, आणि कोण कुठे टेकला त्यावरून आडनावं पडली. बोरसे आणि देवरे तर सख्ख्या भावांचे वंशज, त्यांच्यात सोयरीक होऊच शकत नाही, हे ते मला दर पंक्चरला शपथेवर सांगत.

परवा मी हवा भरत होतो, तेवढ्यात नवरदेवाची गाडी पंक्चर होऊन थांबली. मागच्या काचेवर लिहिलं होतं, ‘बोरसे–देवरे शुभविवाह’. नानांनी ते दोनदा वाचलं. त्यात नवरदेवाच्या काकांनीच हौसेनं विचारलं, “नाना, आम्हा बोरश्यांचं मूळ कुठलं हो?”

“आडनावमा काय शे भाऊ? टायर मजबूत जोयजे.”

पंक्चर निघालं, गाडी वाजतगाजत गेली. नाना बराच वेळ हात पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मन्हंबी चुकस कधीमधी.”