ओल्या रंगावर लावलेलं कुलूप

एबो बेंट्सिलने बत्तीस वर्षं ताकोराडीच्या रेल्वे कारखान्यात फिटरचं काम केलं. निवृत्त होऊन केप कोस्टला परत आला आणि जुन्या दगडी घरांची कुलपं दुरुस्त करू लागला. मी सुतार. दार माझं, कुलूप त्याचं, अशी आमची वाटणी. रंगाचा डबा दिसला की मात्र त्याचं डोकं फिरायचं.

आमच्याकडे माणूस गेलं की अंत्यविधीआधी सगळं घर रंगवतात. भिंती, दारं आणि कुलपंसुद्धा.

एकुआ आजी गेल्या तेव्हाही तेच झालं. घरातले कर्ते ओटू मामा. त्यांनी आजींची खोली उघडून दाराच्या कडाही रंगवून घेतल्या आणि रंग ओला असतानाच कुलूप लावलं. शुक्रवारी दुपारी किल्ली फिरेना. आजींनी शेवटच्या दिवसासाठी काढून ठेवलेलं केंटे, हातमागाचं रंगीत वस्त्र, आत होतं आणि चार वाजता त्यांना शवागारातून घरी आणणार होते.

आजींची मुलगी एसी दाराशीच बसली होती. "एबोकाका, आईला मागून आणलेलं नेसवू का आता?"

मामा म्हणाले, "पहार आणा."

"आणा ना," एबो म्हणाला. "शंभर वर्षांचं ओडुम लाकूड आहे. पहार वाकेल, मग माझ्याकडेच याल."

एसीच्या भावाने पक्कड आणली. एबोने ती हिसकावली. "किल्लीचा दात मोडला तर तुझा बसवू?"

दारातच बसवलेल्या तसल्या कुलपात पाच पितळी पट्ट्या असतात. प्रत्येकीला एक खाच. किल्लीच्या दातांनी पाचही नेमक्या उंचीवर उचलल्या, की खाचा एका ओळीत येतात आणि कुलपाची जीभ मागे सरते. एक जरी चिकटली तरी जीभ हलत नाही. इथे रंग भोकातून आत ओघळला होता. वर कोणीतरी शहाणपणाने पामतेल ओतलेलं.

"पामतेल! भाजी करायची होती का?"

त्याने कोंबडीच्या पिसाने रॉकेल आत सोडलं. थांबला. पुन्हा सोडलं. दार आणि चौकट यांच्या फटीतून करवतीचं पातं घालून चिकटलेला रंग कापला. खपल्या पडल्या. निळ्या, हिरव्या, पिवळ्या.

"निळा कोणाच्या वेळचा?"

"क्वेकू आजोबांचा," एसी म्हणाली. "हिरवा धाकट्या मावशीचा."

"बरं आहे. तुमच्या घरातली सगळी मंडळी माझ्या कुलपात पुरलीत."

एसीला रडता रडता हसू आलं.

तीन तास गेले. शेवटी तो मला म्हणाला, "खांद्याने दार चौकटीकडे दाब. जिभेवरचा भार जाऊ दे. जोर नको, नुसता दाब." मी दाबलं. त्याने दोन बोटांनी किल्ली फिरवली.

एसी आत गेली आणि केंटे छातीशी धरून बाहेर आली. चारला दहा मिनिटं होती.

एबोने लगेच चार स्क्रू काढले आणि कुलूप दारातून ओढून पिशवीत टाकलं.

"अरे, मग खोली कशाने बंद करू?" मामा ओरडले.

"दोरीने बांधा. रंगारी गावाबाहेर गेला की कुलूप न्यायला या."