व्हर्ना लिंडक्विस्ट आता फसत नाही

आमच्या डुलुथच्या विमा कंपनीत चोरांपेक्षा ट्रेंटचीच धास्ती जास्त. लोकांची माहिती चोरीला जाऊ नये म्हणून त्याला नेमलेलं. चोर काही हाती लागेनात, म्हणून हा पठ्ठ्या आम्हालाच खोटे मेल पाठवायचा. थँक्सगिव्हिंगला फुकट टर्की, वाढीव रजा, असलं काहीबाही. लिंकवर बोट पडलं की माणूस गळाला लागला. मग आठवडाभर त्याच्या खुर्चीला रबरी मासा लटकायचा आणि येणारे-जाणारे नाक दाबून जायचे. तिसऱ्यांदा फसलात तर नारळ.

व्हर्नाला नारळ परवडणारा नव्हता. साठी उलटलेली, नवरा ग्लेन डायलिसिसवर, आणि ते सगळं तिच्या नोकरीच्या विम्यावर चाललेलं. मुलगा एकच, डेल. त्याने बापाच्या वेदनाशामक गोळ्या चोरल्या, तेव्हा ऐन जानेवारीत तिने त्याला घराबाहेर काढलं. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," म्हणाली. पोरगंही आईवर गेलेलं, दाखवलं नाही. त्यानंतर तिचं घर बदललं, फोन नंबर बदलला. आता त्याचा एक शब्द यावा म्हणून ती झुरत होती, आणि कॉफी पिताना हे ज्याला त्याला सांगायची. ट्रेंटलाही सांगितलं.

टर्कीला ती एकदा फसलीच होती. दुसरा मेल आला : "तुमच्या घरातलं कोणीतरी तुम्हाला शोधतंय."

ट्रेंटने तो बैठकीत मोठ्या पडद्यावर लावला. "आजीबाई, मेल धड वाचलासुद्धा नाहीत हो! लगेच बोट!"

सगळे खिदळले. व्हर्ना म्हणाली, "ट्रेंट, हे मीच तुला सांगितलं होतं रे."

"म्हणून तर! चोरालाही दुखरी नस ठाऊक असते."

म्हणणं खरं होतं मेल्याचं. म्हणून तर त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटायची.

मार्चमध्ये शेजारच्या टेबलावरून व्हर्ना एकदम मला ओरडली, "अगं ये इकडे, बघ! बदमाश परत आला!" पडद्यावर मेल होता. 'आई, मी डेल. टक्सनच्या इस्पितळात आहे. तुझा मेलचा पत्ता ऑफिसच्या साइटवर मिळाला. बोलशील का? इथे दाब.' मी वाचेपर्यंत तिने संशयास्पद मेल कळवायचं लाल बटण दाबलंही. "या वेळी नाही हं फसले!" म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

दुपारी ट्रेंट आला. "तो माझा नव्हता, आजीबाई. बाहेरचा, खराखुरा चोर! त्याचा पत्ता कायमचा बंद करून टाकला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक आला. व्हर्नाने स्वतःच्या हाताने कापून वाटला, आणि एक तुकडा ग्लेनसाठी बांधून घेतला.

पुढच्या आठवड्यात टक्सनहून एका नर्सचा ऑफिसात फोन आला. डेल आदल्या दिवशी गेला होता. यकृत निकामी झालेलं. नर्स म्हणाली, "त्याने तुम्हाला मेल केला होता. तुमचं उत्तर वाचलं आणि म्हणाला, आईला मी नकोच आहे. मग फोन उशाखाली सारून दिला."

"मी कुठे उत्तर दिलं?" व्हर्ना म्हणाली.

व्हर्ना ट्रेंटच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "माझ्या मुलाला काय उत्तर गेलं ते दाखव."

"लाल बटण दाबलं की ते आपोआप जातं हो, त्यात आपलं काही..."

"दाखव."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. ती आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचत गेली : "व्हर्ना लिंडक्विस्ट यांनी तुमचा संदेश नाकारला आहे. कृपया त्यांच्याशी पुन्हा संपर्क साधू नये."