न दिलेली पोच

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी मोठीनं मला विचारलं, "आजी, चांगली नोकरी सोडून मी पुन्हा शिकायला जाऊ का? तुला कधी असं वाटलं होतं?" मी म्हणाले, "नाही गं बाई, आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मग हवापाण्याचं बोलले आणि फोन ठेवला. ते उत्तर खोटं होतं. या वयात नातीशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, तरी ते इतक्या सहज तोंडातून गेलं की माझं मलाच कसंसं झालं. म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला भराभर वाचता आलं असतं. पण इंग्रजीत मी आयुष्यभर कचेरीची पत्रं टाइप केली, आणि त्या भाषेत माझ्या हातून काहीही उतरलं की सगळं नियमाला धरून झाल्यासारखं दिसतं. तेव्हा मराठीच. सावकाश वाचा.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. मी चौतीस वर्षांची होते आणि महाडच्या एका सरकारी कचेरीत बारनिशी सांभाळत होते. बारनिशी म्हणजे आल्या-गेल्या टपालाची नोंद. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, तारीख आणि क्रमांक घालायचा, वहीत लिहायचं, मग तो कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवायचा. नोंद होईपर्यंत कागद आलेलाच नसतो, मग अर्जदार समोर उभा का असेना. माझं टेबल तालुक्यात नावाजलेलं होतं. कुठलाही कागद दोन मिनिटांत काढून देते, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं.

पण मला व्हायचं होतं शिक्षिका. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले ते त्यासाठीच. घरात तेव्हा पगाराची गरज होती आणि टाइपिंग येत होतं म्हणून कचेरीत चिकटले, ती चिकटलेच. माझे वडील, तुमचे पणजोबा, शाळामास्तर होते. त्यांना स्वतःला पहिली दोन वर्षं वर्गाच्या दाराबाहेर, चपलांशेजारी बसून शिकावं लागलं होतं. आमच्या बौद्धवाडीत ही गोष्ट नवी नव्हती, पण ते ती फार कमी वेळा सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांचा मला एकच प्रश्न असे, "बी.एड.चं काय केलंस?"

त्या वर्षी उन्हाळ्यात जिल्ह्याहून परिपत्रक आलं. आमची कचेरी आणि तिच्या शाखा मिळून एका कर्मचाऱ्याला शिक्षणासाठी रजा मिळणार, त्याची जागा राखून ठेवणार. अर्ज मे अखेरपर्यंत. पात्र अर्जांत जो आधी आला त्याला आधी. परिपत्रक मीच उघडलं, मीच नोंदवलं, त्याच्या प्रती मीच काढल्या. म्हणजे तालुक्यात सगळ्यांच्या आधी ते मला कळलं होतं. त्याच दुपारी मी अर्ज करू शकले असते.

मी अर्ज टाइप केला. मग पुन्हा केला. घरी आणला, पिशवीत ठेवला, परत नेला. तुमचे आजोबा एसटी डेपोत होते. ते आठवडाभर बघत राहिले आणि मग म्हणाले, "अर्ज करतेस की पैठणी विणतेस?"

"विचार करतेय."

"कसला? पोराला मी बघतो. आई आहे. कॉलेज अलिबागला, ते काय विलायतेत नाही, माझ्याच गाड्या जातात."

"वीस वर्षांच्या मुलींत बाकावर बसायचं या वयात?"

"मग मी येतो शेजारी बसायला. डबा धरून."

मी हसले नाही. मला अडवणारं कुणी नव्हतं, हे तुम्हाला नीट कळायला हवं. सासूबाई तयार, नवरा तयार, वडील तर वाटच बघत होते. भीती माझी होती. कचेरीत माझं इंग्रजी सगळ्यांत चांगलं मानलं जाई. कॉलेजात गेल्यावर ते बेताचंच निघालं तर? नापास होऊन त्याच टेबलावर परत यावं लागलं तर? टेबलावर बसून राहिलं की हे प्रश्नच उरत नव्हते.

आता तिच्याबद्दल. पोलादपूरला आमची एक छोटी शाखा होती. तिथली कारकून दर मंगळवारी एसटीनं टपालाची थैली घेऊन महाडला यायची. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. कुडपणच्याही पलीकडच्या एका वाडीवरची, गुराढोरांच्या घरातली. त्या वाडीतली मॅट्रिक झालेली ती पहिलीच. तिच्या वाडीवरच्या शाळेत मास्तर टिकत नसत. "पावसाच्या आदी उतरतात नि दिवाळी झाली का चढतात," ती सांगायची. "पोरांना पाढे येतात ते बी निम्मेच."

ती नवीन असताना एकदा थैली दिल्यावर तिनं माझ्याकडे पोच मागितली होती. पोच म्हणजे कागद मिळाल्याची सही. मागणं अगदी रास्त होतं. पण आमच्या कचेरीत रीत अशी की पोच मागायची ती बाहेरच्यांनी. आपल्या माणसानं मागितली तर तो अविश्वास. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "घरच्या माणसाकडून पोच मागतेस होय गं? मग घरी भाकरी वाढल्यावर आईला पण सही देत असशील." सगळे हसले. ती लाजली आणि तीही हसली. त्यानंतर तिनं कधीच पोच मागितली नाही.

परिपत्रक निघाल्यावरच्या दुसऱ्याच मंगळवारी तिनं थैलीतून स्वतःचा अर्ज काढला. डी.एड.साठी. कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"ताई, ह्या वर्षी झालं तर झालं. फुडल्या सालाला वय निघून जातंय माजं."

"शिकून काय, वाडीवरच जाणार?"

"मग? मी नाय उतरायची पावसात. माजं घरच तितं हाय."

"ठेवून जा. नोंदवते."

"तुमी हाय म्हटल्यावर मला काय बघायला नको," ती म्हणाली आणि गाडी चुकू नये म्हणून घाईनं गेली.

मी शिक्का उचलला होता. मग मनात आलं की हिला क्रमांक दिला की माझं दार बंद. माझं अजून ठरायचं होतं. नोंद आज केली काय, उद्या केली काय. आधी मी माझं ठरवते, मग दोन्ही अर्ज एकदमच नोंदवते, असं मी स्वतःला सांगितलं. कागद ड्रॉवरमध्ये स्टेन्सिलच्या खाली सरकवला. त्या ड्रॉवरला कुलूप असे. चावी माझ्याकडे असे.

पुढच्या मंगळवारी ती येताना पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन आली. "काय कळलं का, ताई?"

"इतक्यात कुठलं? साहेबांकडे जाईल तेव्हा."

करवंदं मी खाल्ली. त्याच्या पुढच्या मंगळवारी ती पुन्हा आली, आणि मी पुन्हा तेच बोलले. तोवर माझा अर्ज चौथ्यांदा टाइप झाला होता. त्यावर फक्त सही नव्हती.

शेवटचे तीन दिवस उरले असताना बांधकाम शाखेतला एक तरुण कारकून माझ्या टेबलाशी आला. त्याला कायदा शिकायला मुंबईला जायचं होतं. अर्ज पुढे टाकून तो म्हणाला, "बाई, पोच द्या."

"पोच? आपल्यात?"

"आपल्यातच घोटाळे होतात, बाई. बाहेरचे बिचारे वचकून असतात."

तो हसत हसत तिथेच उभा राहिला. हलेना. त्याच्यासमोर मला शिक्का मारावा लागला, क्रमांक घालावा लागला, सही द्यावी लागली. तेव्हाही ड्रॉवर उघडून तिचा अर्ज आधी घेता आला असता. वहीत एक ओळ वर, इतकंच. पण ड्रॉवरमधून इतक्या दिवसांचा कागद काढताना त्यानं पाहिलं असतं.

अखेरच्या दिवशी दुपारी मी तिचा अर्ज नोंदवला. त्या कारकुनाच्या खालचा क्रमांक. स्वतःचा अर्ज घडी करून डब्याच्या पिशवीत टाकला. त्या क्षणी मला कसं वाटलं ते सांगते, कारण तेच सांगायला सगळ्यात जड आहे. मला सुटल्यासारखं वाटलं. आता मला काही ठरवायचं उरलं नव्हतं.

साहेबांनी दोन्ही अर्ज पाहिले. तिच्या अर्जावर तिच्या हातची तारीख होती आणि माझा शिक्का तिच्या अठरा दिवसांनंतरचा. त्यांनी मला आत बोलावलं.

"हे इतकं उशिरा कसं?"

"पोलादपूरचं टपाल उशिरा येतं, सर."

"पण टपाल आणते तीच ना?"

"हो, सर."

"स्वतःचा अर्ज वेळेवर आणता येत नाही, आणि मास्तरीण व्हायचंय," साहेब म्हणाले. मी थोडी हसले. साहेब हसले की आम्ही हसायचो.

रजा त्या कारकुनाला मिळाली. तो गेला, वकील झाला आणि परत काही आला नाही. त्याचा दोष नाही. त्यानं नियमानं मागितलं आणि घेतलं.

तिला मीच सांगितलं. "पहिला नंबर दुसऱ्याचा लागला. क्रमानं देतात, काय करणार?"

तिनं माझ्या टेबलाकडे पाहिलं. वही उघडीच होती. ती स्वतः कारकून होती. उलटी वही तिला माझ्याइतकीच वाचता येत होती.

"मी तर तुमच्या हातात दिलावता," ती म्हणाली.

"हो गं. कामाच्या रगाड्यात..." थैली रिकामी करून, घडी घालून ती गेली.

पुढच्या मंगळवारी तिनं थैली ठेवली आणि पदराआडून एक लहान वही काढली. दोन रेघा मारून, टपाल किती, तारीख काय, सगळं नीट लिहून आणलं होतं. "ताई, सही द्या."

पलीकडच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, "काय गो, घरच्या माणसाकडून पोच?" माझंच वाक्य, पुरतं पाठ होतं सगळ्यांना.

"घ्यावी," ती म्हणाली. "घरच्या माणसांना कामं फार असतात."

आवाज चढलेला नव्हता. मी सही दिली. त्यानंतर ती बदलून दुसऱ्या कामावर जाईपर्यंत दर मंगळवारी मी त्या वहीत सही देत राहिले. करवंदं तिनं पुन्हा कधी आणली नाहीत. बोलणं टपालापुरतं.

वडिलांना मी सांगितलं की रजा दुसऱ्याला मिळाली. ते म्हणाले, "हरकत नाही, तू प्रयत्न केलास." मी ते तसंच राहू दिलं. पुढे वर्षभरात ते गेले. मी प्रयत्न केला होता असं समजूनच गेले. आपल्या घरातल्या भिंतीवर कुणाचा फोटो आहे, ते तुम्हाला माहीत आहे. त्या घरातल्या मुलीनं दुसऱ्या एकीला दाराबाहेर बसवलं. आणि स्वतःही आत गेली नाही.

तुमच्या आजोबांना मी हे बऱ्याच वर्षांनी सांगितलं. ते रागावले नाहीत. पायाला तेल चोळता चोळता म्हणाले, "मला सांगून काय होणार? पोलादपूर तासाभरावर आहे."

मी गेले. नव्वद सालानंतरची गोष्ट. चांगली साडी नेसून, मनात वाक्यं जुळवून गेले. ती स्टँडजवळच्या कचेरीत खिडकीपाशी बसली होती. मला पाहून उठली, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. "इकडं कसं काय, ताई?"

"उमरठला लग्न आहे," मी म्हणाले. कसलं लग्न नि कसलं काय. तिनं कुणाचं ते विचारलं नाही. मुलाची चौकशी केली. मी तिच्या वाडीवरच्या शाळेची केली.

"हाय तशीच," ती म्हणाली. "मास्तर येतात नि जातात."

चहा संपेपर्यंत मी थांबले. मग महाडची गाडी आली, तर तिनंच मला हात दाखवून सांगितलं, "ही बघा, लागली तुमची गाडी." मी चढले.

मी त्याच कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात वक्तशीर, नीटनेटकी, कागद कधी न हरवणारी, असं लोक माझ्याबद्दल बरंच बोलले. तुमच्या बाबांनी त्याचा फोटो काढून ठेवला आहे. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही त्यांना हे वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

आणि मोठे, तू विचारलंस त्याचं उत्तर. मला वाटलं होतं. फार वाटलं होतं. जावं की जाऊ नये ते मी तुला सांगू शकत नाही. त्या बाबतीत माझा शब्द कुणी घ्यावा अशी मी नाही. गेलीस तर नापास होशील, होणार नाहीस, ते तुझं तू बघशील. पण ठरव, आणि लोकांना तसं सांगून टाक. तू ठरवेपर्यंत तुझ्यामागे कुणीतरी उभं असतं, आणि ते आपल्याला दिसत असतं.

ती आता पोलादपुरात लेकाकडे असते. परवाच एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं, गुडघे दुखतात, बाकी बरी आहे. मी महाडला आहे. दोघी हयात आहोत, आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही.